महाळुंगाची साल आणि लिंबाचा रस

संस्कृत नाटकात किंवा एखाद्या देवीच्या ध्यानवर्णनात ‘मातुलुंग’ अथवा ‘बीजपूर’ हा शब्द आला, की त्याखाली बहुधा एक ठरलेली टीप असते : ‘एक प्रकारचे लिंबू’. शिक्षक ती वाचून दाखवतो, विद्यार्थी वहीत उतरवून घेतो आणि वर्ग पुढच्या ओळीकडे वळतो. परीक्षेच्या दृष्टीने एवढे पुरेसे असते. तथापि या तीन शब्दांच्या टिपेत एका फळाचा, एका चवीचा आणि स्वयंपाकघरातील एका अवघड कौशल्याचा इतिहास गडप झाला आहे, असे आम्हांस वाटते. शिवाय तिच्यातील नातेही उलटे आहे. महाळुंग हा लिंबाचा प्रकार म्हणून सांगितला जातो. वस्तुतः लिंबू हेच महाळुंगाचे अपत्य आहे. या फळाचा माग शब्दांतून, मूर्तींतून, वैद्यकाच्या ग्रंथांतून आणि बरण्यांतून काढावा, आणि ते आपल्या ताटातून का उठले याचा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शब्दाची वाट

प्रथम शब्द पाहू. संस्कृतात या फळाला दोन प्रमुख नावे आहेत. ‘बीजपूर’ म्हणजे बियांनी भरलेले. हे नाव उत्तरेकडे गेले आणि हिंदीत ‘बिजौरा’, गुजरातीत ‘बिजोरुं’ झाले. ‘मातुलुंग’ किंवा ‘मातुलिंग’ हे दुसरे नाव आपल्याकडे आले. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात प्राकृताचे नियम दिले आहेत. त्यांतील एका सूत्रात काही मोजक्या शब्दांत ‘त’चा ‘ह’ होतो असे सांगितले आहे : वसतीची ‘वसही’ होते, भरताचा ‘भरह’ होतो आणि मातुलिंगाचे ‘माहुलिंग’ होते. ‘मातुलुंग’ या रूपापासून मात्र ‘त’ लोपून ‘माउलुंग’ होते. मराठीत आजही या फळाची दोन रूपे ऐकू येतात, ‘महाळुंग’ किंवा ‘म्हाळुंग’ हे एक आणि ‘मावळुंग’ हे दुसरे. पहिल्यात हेमचंद्राचा ‘ह’ शाबूत आहे. दुसऱ्यात ‘त’ गेल्याने पडलेली पोकळी ‘व’ने भरून काढलेली दिसते. भाषाविज्ञानाच्या तासाला ध्वनिपरिवर्तनाचे उदाहरण हवे असेल तर याहून नेटके उदाहरण शोधावे लागणार नाही.

या शब्दाचे मूळ दक्षिणेत असावे असेही अभ्यासकांनी सुचवले आहे. कन्नडमध्ये महाळुंगाला ‘मादल’ म्हणतात, तर तमिळमध्ये ‘मातुळै’ हे डाळिंबाचे नाव आहे. बियांनी भरलेली दोन फळे एकाच शब्दकुळात नांदावीत यात नवल नाही. मराठी ही उत्तर आणि दक्षिण यांच्या सीमेवरची भाषा. तिने ‘बिजौरा’ न स्वीकारता ‘महाळुंग’ स्वीकारले, ही गोष्ट तिच्या स्वभावाला धरूनच झाली.

पुणेकरांच्या कानांवर हा शब्द रोज पडतो, पण तो फळ म्हणून पडत नाही. बालेवाडीला लागून असलेले म्हाळुंगे, चाकणजवळचे महाळुंगे इंगळे, सोलापूर जिल्ह्यातील यमाईचे महाळुंग ही नावे रस्त्यांवरील पाट्यांतून आणि सदनिकांच्या जाहिरातींतून आपण वाचतो. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या क्रीडासंकुलामुळे म्हाळुंगे-बालेवाडी ही जोडी घरोघर माहीत झाली. या गावनावांतील ध्वनी आणि या फळाचा ध्वनी एकच आहे, परंतु तो ऐकताना फळ डोळ्यांसमोर येईल असा वाचक आता विरळाच.

देवांच्या हाती

बाजारात न दिसणारे हे फळ महाराष्ट्रातील देवतांच्या हाती मात्र ठळकपणे आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या चार हातांपैकी उजव्या खालच्या हातात म्हाळुंग आहे. उजव्या वरच्या हातात गदा, डाव्या वरच्या हातात ढाल आणि खालच्या हातात पानपात्र. दुर्गासप्तशतीला जोडलेल्या ‘प्राधानिक रहस्या’त महालक्ष्मीचे जे वर्णन येते त्यात हीच चार लक्षणे सांगितली आहेत. घारापुरीच्या लेण्यातील त्रिमुख शिवाच्या भव्य शिल्पात मधल्या मुखाच्या डाव्या हातातील फळ बीजपूर म्हणून ओळखले जाते. लकुलीशाच्या मूर्तीची खूणच अशी, की एका हातात दंड आणि दुसऱ्या हातात मातुलुंग. बौद्धांचा धनदेव जंभल हाही हाती हेच फळ घेऊन बसतो, आणि त्याच्या नावात लिंबूवर्गाचा ‘जंभ’ हा शब्द आहे. शैव, शाक्त आणि बौद्ध या तिन्ही परंपरांनी एकच फळ निवडावे, याला कारण असले पाहिजे. असंख्य बियांमुळे ते सृष्टीच्या बीजाचे प्रतीक झाले, हे स्पष्टीकरण सर्वपरिचित आहे व ते योग्यही आहे. पण प्रतीक होण्यापूर्वी ती वस्तू लोकांच्या हातातली असावी लागते. ज्या फळाचा वास, वजन आणि उपयोग कोणाला ठाऊक नाही, ते फळ शिल्पकार देवाच्या हाती देत नाही.

हे फळ हातातले होते याची साक्ष कालिदास देतो. ‘मालविकाग्निमित्र’ या नाटकाच्या तिसऱ्या अंकाच्या प्रवेशकात परिव्राजिकेची दासी प्रमदवनात येते ती बीजपूरक नेण्यासाठी, आणि तिथे तिची उद्यानपालिका मधुकरिकेशी गाठ पडते. कथानकाच्या दृष्टीने हा प्रसंग किरकोळ आहे. प्रेक्षकांना मधल्या घडामोडी कळाव्यात म्हणून दोघी बोलतात, एवढेच त्याचे काम. परंतु भेटीला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये, आणि न्यायचे तर बीजपूरक न्यावे, हा त्या समाजाचा रिवाज त्यातून सहज कळून जातो. नाटकाची नायिका विदर्भाची राजकन्या आहे हे आठवले, की आपल्या प्रदेशाला तर हा प्रसंग अधिकच जवळचा वाटावा. ‘एक प्रकारचे लिंबू’ अशी टीप वाचणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात मात्र राजवाड्यात कोणी हातात लिंबू घेऊन निघाल्याचे चित्र उभे राहते, आणि प्रसंगातील अदब हास्यास्पद होऊन बसते. महाळुंग वितीएवढे लांब, सोनेरी, खडबडीत सालीचे, आणि खोली भरून टाकणाऱ्या वासाचे असू शकते. नजराणा म्हणून ते शोभते. लिंबू शोभत नाही.

केसर म्हणजे काय?

आता वैद्यकाकडे वळू, कारण स्वयंपाकघरात नेणारी वाट तिथूनच जाते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अन्नपानाचा जो अध्याय आहे, त्यातील फळवर्गात मातुलुंगाचे विवेचन आहे. अरुची, मंदाग्नी, उचकी, दमा, खोकला, वांती अशा तक्रारींत त्याचे ‘केसर’ उपयोगी व पचायला हलके, आणि फळाचा उरलेला भाग त्याउलट, असे चरक सांगतो. सुश्रुत सालीकडे वेगळे पाहतो. त्याच्या मते ती कडू आणि पचायला जड. ‘केसर’ म्हणजे येथे काश्मिरी केशर नव्हे, की फुलातील पुंकेसरही नव्हेत. फळाच्या पाकळ्यांतील रसाने भरलेल्या लांबट कणिका, म्हणजे ज्याला आपण लिंबाच्या वा संत्र्याच्या फोडीतला गर म्हणतो, तो येथे अभिप्रेत आहे. हा अर्थ निसटला की चरकाचे सारे वाक्यच निसटते.

या विवेचनाचे मर्म असे, की प्राचीन वैद्यांनी महाळुंगाकडे एकसंध वस्तू म्हणून पाहिले नाही. बाहेरचा पिवळा, तैलयुक्त, कडवट पापुद्रा, त्याखालचा जाडजूड पांढरा गर, मध्यभागी थोडेसे आंबट केसर, आणि बिया. या प्रत्येकाचा गुण निराळा, म्हणून उपयोगही निराळा. कागदी लिंबाच्या बाबतीत आपण असा विचार करीत नाही. ते चिरतो, पिळतो आणि साल टाकून देतो. चरक-सुश्रुतांच्या फळवर्गात मातुलुंग, जंबीर आणि नागरंग भेटतात. ‘निंबूक’ हा शब्द ठळकपणे भेटतो तो पुढच्या काळातील निघंटूंमध्ये. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ बीजपूराच्या शेजारी ‘मधुकर्कटी’ नावाचा एक गोड प्रकारही नोंदवतो. म्हणजे जुन्या ग्रंथकारांच्या दृष्टीने आंबट फळांच्या कुळाचा वडीलधारा मातुलुंगच होता.

मराठी माणसाने लिहिलेला या विषयावरील महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे सतराव्या शतकातील रघुनाथ गणेश नवहस्ते यांचे ‘भोजनकुतूहल’. रघुनाथपंत समर्थ रामदासांचे स्नेही. पुढे तंजावरच्या मराठी दरबारात एकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला होते. ग्रंथ संस्कृतात आहे, पण जुन्या निघंटूंतील पदार्थांचे गुणधर्म एकत्र करताना त्यांनी ठिकठिकाणी बोलभाषेतील नावे दिली आहेत, आणि म्हणूनच तो मराठीच्या अभ्यासकालाही मोलाचा आहे. या रघुनाथपंतांना विद्वानांच्या नजरेत आणण्याचे श्रेय पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांच्याकडे जाते. १९१७ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेतील हस्तलिखितांच्या सहवासात आयुष्य घालवलेल्या गोड्यांनी खाद्यपदार्थ, वस्त्रे, सुगंधी द्रव्ये अशा ‘किरकोळ’ गोष्टींचा कालक्रम लावण्याचे काम केले. साहित्याच्या अभ्यासात पदार्थाचे नाव ही दुय्यम बाब नाही, हे त्यांच्या लेखनाने दाखवून दिले. आमचा हा लेख त्याच वाटेवरचे एक लहानसे पाऊल आहे.

मीठ आणि साखर

स्वयंपाकघरात महाळुंगाचे काय करीत? रस काढावा तर फळाच्या आकाराच्या मानाने तो अगदी थोडा. फळाचा बहुतांश भाग म्हणजे पांढरा गर. तेव्हा महाळुंग हे टिकवून खाण्याचे फळ, आणि टिकवण्याच्या आपल्याकडे दोन वाटा : मीठ आणि साखर.

या दोन्ही वाटांचा इतिहास त्यांच्या नावांतच आहे. ‘लोणचे’ हा शब्द ‘लवणा’तून आला, त्याचे कूळ देशी आहे. ‘मुरांबा’ मात्र अरबी-फारसी ‘मुरब्बा’मधून आला. मूळ अरबी धातूचा अर्थ पोसणे, वाढवणे, जतन करणे. मराठीने तो शब्द घेतला आणि आपल्या पद्धतीने त्याचा अर्थ लावला. आपल्याकडे ‘मुरणे’ हे क्रियापद होतेच. त्याला ‘आंबा’ जोडला गेला आणि मुरब्ब्याचा मुर-आंबा झाला. एकदा आंबा वेगळा काढता आला म्हटल्यावर त्या जागी आवळाही बसवता आला, आणि ‘मोरावळा’ तयार झाला. लोकव्युत्पत्तीने नवा शब्द कसा जन्माला येतो याचे हे सुरेख उदाहरण. अर्थात गोड-आंबट टिकाऊ पदार्थ आपल्याकडे फारसी शब्दाबरोबर आले असे नव्हे. वैद्यकग्रंथांतील ‘रागषाडव’ हा फळे आणि गूळ-साखर यांचा असाच पदार्थ होता. वस्तू जुनी आणि नाव नवे, असा प्रकार भाषेत नेहमीच घडतो.

महाळुंगाचा मुरांबा करण्याची रीत अशी. फळ पूर्ण पिवळे व सुवासिक झालेले असावे. वरचा पिवळा पापुद्रा किसणीवर हलक्या हाताने घासून काढावा, कारण कडवटपणा मुख्यतः तिथे असतो. फळ उभे चिरून केसर आणि बिया वेगळ्या कराव्यात, केसर टाकू नये. पांढऱ्या गराच्या बोटभर फोडी करून त्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवाव्यात. सकाळी धुऊन साध्या पाण्यात उकळाव्यात व ते पाणी ओतून द्यावे. फोड चाखून पाहत हे दोन-तीन वेळा करावे. फोडी कुरकुरीत राहाव्यात अशी इच्छा असेल तर उकळण्यापूर्वी काही काळ चुन्याच्या निवळीत ठेवतात. मग फोडींच्या सुमारे दीडपट साखरेचा पाक करून त्यात फोडी मंद आचेवर शिजवाव्यात. त्या काचेसारख्या पारदर्शक दिसू लागल्या की केसराचा आंबट रस घालावा. दुसऱ्या दिवशी पाक पुन्हा पाहावा, कारण फोडींतील पाणी सुटून तो पातळ झालेला असतो. तसा झाला असल्यास परत आटवून दोनतारी करावा आणि मगच बरणीत भरावा. वेलदोडा व केशर आवडीप्रमाणे. हे केशर मात्र काश्मीरचे.

यातील प्रत्येक पायरीला कारण आहे, आणि आज रसायनशास्त्र ते सांगू शकते. पांढऱ्या गरात पेक्टिन नावाचे द्रव्य भरपूर असते. आंबटपणा आणि साखर यांच्या संगतीत ते घट्ट होते, म्हणून मुरांब्याला वेगळे काही घालावे लागत नाही. चुन्यातील कॅल्शियम त्याच पेक्टिनला बांधून ठेवते, म्हणून फोड विरघळत नाही. शेवटी घातलेला आंबट रस साखरेचे विघटन करतो, म्हणून पाकाचे खडे होत नाहीत. आणि साखर, तशीच लोणच्यातील मीठही, पाणी इतके धरून ठेवते की जिवाणूंना व बुरशीला जगण्यापुरते पाणी उरत नाही. हे सारे प्रयोगशाळेविना, जिभेने आणि बोटांनी पारखून बसवलेले शास्त्र होते. सालीची कटुता नेमकी किती ठेवायची हा त्यातला खरा निर्णय. सगळी काढली तर महाळुंगाचा मुरांबा आणि कोहळ्याचा पेठा यांत फरक राहत नाही.

खाऱ्या बाजूला महाळुंगापेक्षा ईडलिंबाचा संसार अधिक टिकला. जाड सालीच्या या मोठ्या लिंबाच्या फोडींना मीठ लावून बरणी उन्हात ठेवायची. साल मऊ व्हायला आठवडे लागतात, कधी महिनेही. मग मोहरी-हिंग-हळदीचे तिखट लोणचे किंवा साखर-मिरची-जिऱ्याचे उपासाचे लोणचे करायचे. ब्राह्मणी पद्धतीच्या पानाची मांडणी आठवावी. मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे ही सगळी डावी बाजू. उजव्या बाजूने पोट भरते, डाव्या बाजूने जेवणाला अर्थ येतो. आंबट, तिखट, खारट, कडवट यांची जागा डावीकडची. महाळुंगाचे स्थान याच बाजूला होते, आणि आधुनिक काळात पानाचा जो भाग सर्वांत जास्त आक्रसला तोही हाच.

ताटातून उठणे

फळ ताटातून का उठले? एकच कारण सांगणे सोपे असते, पण येथे तीन-चार गोष्टी एकत्र आल्या.

पहिली गोष्ट छापील पाकग्रंथांची. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली आले, लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० साली आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली. या पुस्तकांनी मराठी स्वयंपाकाला लेखी रूप दिले. ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे प्रमाण देऊन सासर-माहेरापासून दूर संसार थाटणाऱ्या तरुणींना केवढा आधार दिला, हे वेगळे सांगायला नको. तथापि प्रमाण छापता येते, पारख छापता येत नाही. ‘फोड चाखून कडवटपणा बेताचा वाटेपर्यंत’ या सूचनेला वाटी नाही आणि चमचाही नाही. ज्या पदार्थांचे सारे मर्म अशा सूचनांत असते, ते पदार्थ एका हाताने दुसऱ्या हाताला द्यावे लागतात. ती साखळी एका पिढीपुरती तुटली तरी पुस्तक तिला जोडू शकत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. महाळुंगाचे झाड हे बागेचे नव्हे, परसाचे. त्याला व्यापारी मागणी नाही, म्हणून ते लावणारा माणूस घरापुरते लावतो. पुण्यात १८८६ साली रे मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, उभे राहिले आणि नियमितपणे गाड्या भरून येऊ शकतील अशा फळांना हक्काची जागा मिळाली. १९५४ साली चीमा, भट आणि नाईक यांचा पश्चिम भारतातील फळांवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ निघाला, त्याच्या शीर्षकातच ‘व्यापारी फळे’ हा शब्दप्रयोग आहे. हे विभाजन बागायतदाराच्या दृष्टीने रास्त होते. पण व्यापारी यादीबाहेर राहिलेल्या फळाला परसाखेरीज आसरा उरत नाही, आणि पुण्यातील परसच पुढे आकसत गेले. १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुरानंतर नदीकाठच्या पेठांतील अनेक कुटुंबे नव्या वसाहतींत गेली. उरलेल्या वाड्यांच्या जागी पुढच्या दशकांत इमारती आल्या. अंगण, विहीर, परस, उन्हाची गच्ची हे सगळे मिळून जे लोणच्या-मुरांब्यांचे घर होते, ते सदनिकेत मावणारे नव्हते.

तिसरी गोष्ट श्रमाची, आणि ती स्पष्टपणे बोलली पाहिजे. तीन दिवस चालणारा मुरांबा हे घरातील स्त्रियांचे बिनमोल श्रम होते. त्या शिकल्या, नोकरीला लागल्या आणि त्यांनी हे श्रम नाकारले, याबद्दल हळहळण्याचा अधिकार इतर कोणालाही नाही. हरवलेल्या चवींवर लिहिताना ही गोष्ट विसरून गतकाळाचे गोडवे गाणे सोपे असते. आम्हांस ते मान्य नाही. परंतु श्रम सोडणे आणि त्या श्रमामागील ज्ञान विसरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्ञानाची नोंद ठेवणे हे कोणा एका स्त्रीचे काम नव्हते. ते समाजाचे आणि विद्यापीठांचे काम होते.

चौथी गोष्ट चवीची. आपली आंबटाची कल्पनाच सालीकडून रसाकडे सरकली. पोह्यांवर पिळायचे लिंबू, वरणभातावर पिळायचे लिंबू, सरबताचे लिंबू. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या कागदी लिंबाच्या प्रसिद्ध वाणाचे नाव ‘साई सरबती’ आहे, हे पुरेसे बोलके आहे. पातळ साल आणि भरपूर रस हा उत्तम लिंबाचा आजचा निकष. या निकषावर महाळुंग सपशेल नापास होते, कारण त्याची परीक्षाच दुसऱ्या विषयाची होती.

जिथे ते टिकले

तुलनेसाठी जगाकडे पाहावे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस ग्रीक वनस्पतिज्ञ थिओफ्रॅस्टस याने या फळाचे वर्णन ‘मीडियाचे किंवा पर्शियाचे सफरचंद’ असे केले. ते खात नाहीत, पण सुवासिक असते आणि कपड्यांत ठेवल्यास कसर लागत नाही, असे तो सांगतो. ‘सिट्रस मेडिका’ या शास्त्रीय नावातील ‘मेडिका’चा संबंध औषधाशी नसून या मीडिया प्रदेशाशी आहे. मूळ स्थान मात्र त्याहून पूर्वेला, हिमालयाच्या पायथ्यापासून आसाम, उत्तर म्यानमार, युन्नानपर्यंतच्या पट्ट्यात. चीनमध्ये त्याचाच बोटांसारख्या फाकलेल्या फळांचा प्रकार ‘बुद्धाचा हात’ म्हणून प्रसिद्ध आहे.

ज्यू धर्मात सुक्कोथ या सणाच्या विधीला हे फळ आवश्यक आहे. हिब्रूत त्याला ‘एथ्रोग’ म्हणतात. ते निर्दोष असावे, टोक मोडलेले नसावे, कलमी झाडाचे नसावे असे काटेकोर नियम आहेत, आणि सण संपल्यावर अनेक घरांत त्याचा मुरांबा करतात. या सणाचे नाव पुण्याला परके नाही. रास्ता पेठेतील बेने इस्रायली समाजाच्या प्रार्थनामंदिराचे नाव ‘सुक्कथ शेलोमो’ आहे. मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे हे मंदिर आणि कोल्हापूरची अंबाबाई यांना जोडणारे फळ एकच आहे, ही गोष्ट विलक्षण नव्हे काय? युरोपात कोर्सिका बेटावरची महाळुंगे मिठाच्या पाण्यात भरून इटलीतील लिव्होर्नो बंदरात जात आणि तिथे साखरेत मुरवून नाताळच्या केकसाठी विकली जात. आधी मीठ, मग साखर; पद्धत आपलीच. पुण्याच्या बेकऱ्यांतील केकमध्ये जी रंगीत ‘टुटीफ्रुटी’ असते, ती कच्च्या पपईची. युक्ती राहिली, फळ बदलले.

या उदाहरणांवरून एक गोष्ट ध्यानात येते. जिथे विधीने किंवा उद्योगाने महाळुंगाला खरे फळ म्हणून मागणी ठेवली, तिथे ते झाडावर राहिले. आपल्याकडेही गोव्यात गणेशचतुर्थीच्या माटोळीला मावळिंग, तोरिंग अशी फळे टांगतात, म्हणून ती तिथल्या बाजारात त्या दिवसांत येतात. देवीच्या हातातील फळ पाषाणाचे असले की ते दरवर्षी झाडावरून आणावे लागत नाही.

बाप कोण?

लेखाच्या आरंभी केलेले विधान आता सिद्ध करावयाचे आहे. २०१८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात लिंबूवर्गाच्या जनुकसंचाचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध झाला. या वर्गातील बहुतेक लागवडीची फळे संकरातून झाली असून त्या संकरांच्या मुळाशी मोजक्या मूळ जाती आहेत, आणि त्यांत महाळुंग, पपनस व मँडरिन संत्रे या तीन प्रमुख आहेत, असे त्यातून स्पष्ट झाले. कागदी लिंबू हे महाळुंग आणि एक रानटी जाती यांचे अपत्य. युरोपीय पिवळे लिंबू हे आंबट नारिंग आणि महाळुंग यांचे. नागपुरी संत्र्याची कलमे ज्या जंभेरी आणि रंगपूर लिंबाच्या खुंटांवर बांधतात, तेही महाळुंग आणि मँडरिन यांच्या संकरातले. या लिंबांच्या जन्मात महाळुंगाची भूमिका पित्याची, म्हणजे परागदात्याची, होती असेही संशोधकांनी दाखवले आहे. नावाच्या आरंभी ‘मातुल’ असलेले फळ नात्याने बाप निघावे, ही गंमतच. विदर्भातील संत्र्याच्या बागा, श्रीगोंद्याचे लिंबू आणि पोह्यांवरची फोड या सर्वांच्या वंशवेलीत महाळुंग बसलेले आहे. म्हणून ‘एक प्रकारचे लिंबू’ म्हणजे नातवाच्या नावाने आजोबांची ओळख करून देणे होय.

भाषेच्या शिक्षकांनी याचे काय करावे? झाडे लावणे, मुरांबे घालणे ज्याच्या त्याच्या इच्छेवर. आपल्या हाती टीप आहे, आणि ती बदलणे आजच शक्य आहे. आम्ही पुढील टीप सुचवतो : ‘मातुलुंग, बीजपूर — मराठी महाळुंग, मावळुंग. मोठे, पिवळे, जाड सालीचे सुवासिक फळ. रस थोडा, बिया पुष्कळ. नजराणा, औषध आणि मुरांबा यांसाठी उपयोग. महालक्ष्मीच्या हातातील फळ. आजच्या कागदी लिंबाचा एक पूर्वज.’ तीन शब्दांच्या जागी तीन ओळी होतात. वहीत तेवढी जागा असते. या टिपेत भर घालणारी माहिती वाचकांच्या घरी, गावच्या बोलीत किंवा जुन्या पाककृतींच्या वहीत असेल, तर तीही लिहून ठेवली जावी, एवढीच विनंती.